घरून पत्रिका डिझाइन आणि पोरांचा पसारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत घरूनच पत्रिका बनवते, लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस सगळंच, आणि घरात दोन पोरं आहेत. त्यामुळे विचारणारे दोन प्रकारचे असतात, एक ज्यांना हे काम सुरू करायचंय आणि दुसरे ज्यांना फक्त पोरांना मोबाइलपासून लांब ठेवायचंय. दोघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. सोपे आधी, किचकट खाली.

कस्टम पत्रिका म्हणजे नक्की काय? दुकानातल्या पत्रिकेपेक्षा वेगळं काय त्यात?

दुकानात कार्ड तयार असतं, तुम्ही गठ्ठ्यातून एक निवडता आणि आत नाव, मुहूर्त, स्थळ छापून घेता. गिरगावात खाडिलकर रोडला गेलात तर दोन्ही बाजूंना हीच दुकानं, एका दुपारी पत्रिका ठरवून माणसं घरी जातात. कस्टम म्हणजे कोऱ्या कागदापासून सुरुवात. घरच्यांशी बोलायचं, नवरीच्या आजीच्या पैठणीचा रंग घ्यायचा, गावच्या वाड्याचं चित्र काढायचं, मजकूरही त्यांच्याच घरच्या भाषेत लिहायचा. छपाई बहुतेक बाहेरूनच होते, पण डिझाइन, जुळवाजुळव, दोरा बांधणं, पाकीट भरणं हे घरी. आणि घरी म्हटलं की पोरं आलीच.

मूल घरात असताना हे काम खरंच जमतं का? खरं सांगा.

जमतं, पण रील्समध्ये दिसतं तसं नाही. आई लॅपटॉपवर डिझाइन करतेय आणि शेजारी लेक गुपचूप रंगवतेय हे रील संपेपर्यंतच टिकतं. माझं ठाम मत असं की ऑर्डर आणि खेळ एका टेबलावर आणायचेच नाहीत. सामान एकमेकांकडे जाऊ दे, कल्पना जाऊ दे, हातातलं कसब तर जायलाच हवं, पण टेबल वेगळं, डबे वेगळे. लोकांना वाटतं की एकत्र करणं म्हणजे एकाच वेळी करणं, आणि मग दोन्हीकडे चिडचिड होते, क्लायंटच्या कागदावर रंग सांडतो आणि पोराला विनाकारण ओरडा बसतो. तो कागद त्याच्या हाताशी कोणी ठेवला हा खरा प्रश्न आहे.

मग मूल जागं असताना कोणतं काम करायचं आणि झोपल्यावर कोणतं?

मी कामाचे भाग पाडते. मध्येच उठलं तरी बिघडत नाही अशी कामं पोरं जागी असताना: फोनवर बोलणं, रंग निवडणं, कागदाचे नमुने बघणं, कच्चं स्केच, पाकिटं मोजणं, पार्सलवर पत्ते लिहिणं. मध्येच उठलं तर वाट लागते अशी कामं झोपल्यावर किंवा शाळेच्या वेळात: कटरने कापणं, सोनेरी फॉइल लावणं, छपाईची फाइल तयार करणं आणि सगळ्यात वर प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तपासणं.

प्रूफ अर्धवट लक्ष देऊन तपासायचंच नाही. मराठी पत्रिकेत चुका व्हायच्या जागा भरपूर, चि. आणि चि. सौ. कां. उलटसुलट होतं, वडिलांच्या नावाआधीचं ‘कै.’ राहून जातं किंवा त्याहून भयंकर म्हणजे जिवंत माणसाला लागतं, तारीख बरोबर आणि वार चुकीचा, मुहूर्त सकाळचा आणि मजकुरात ‘सायंकाळी’. हे छापून आलं की डिझाइन कितीही सुंदर असो, घरातली मोठी माणसं तेवढीच एक ओळ बघतात. वाचता येणाऱ्या पोराला एक काम मात्र देता येतं, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारखेला वार जुळतोय का बघायचं. त्याला मोठं काम केल्यासारखं वाटतं आणि तुमची एक जास्तीची तपासणी होते. शेवटची नजर अर्थात तुमचीच, आणि क्लायंटचं लेखी ‘ओके’ आल्याशिवाय फाइल छपाईला जात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल.

आमचं वन बीएचके आहे, दोन टेबलं कुठून आणू?

टेबल म्हटलं की लाकडाचंच हवं असं नाही. आमच्याकडे पोरांचं टेबल म्हणजे जमिनीवर अंथरलेली जुनी मेणकापडाची शीट, ती अंथरली की त्यांचं दुकान उघडलं, गुंडाळली की बंद, आतला कचरा सरळ डब्यात. माझं सामान झाकणाच्या सपाट खोक्यांत, पलंगाखाली किंवा कपाटावर, एका ऑर्डरला एक खोकं आणि बाहेर नाव, तारीख. अर्धवट काम उघडं ठेवून गॅसवरचं दूध बघायला जायचं नाही. पंखा, पोरं आणि खिडकीवरची कबुतरं, तिघांनाही सुटे कागद फार आवडतात.

सामान मुंबईत कुठून घ्यायचं?

जरा बजेट असेल आणि जास्त माल लागत असेल तर क्रॉफर्ड मार्केट आणि तिथूनच आत जाणारी अब्दुल रहमान स्ट्रीट, कागद, पाकिटं, टेप, स्टिकर, पोरांचं क्राफ्टचं सामान सगळं तिकडे. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. लेस, गोटा, मोती, लटकन यासाठी भुलेश्वर. तयार पत्रिका आणि छपाईवाले गिरगावात, चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं. दोन-चार शीट हव्या असतील तर मात्र एवढा खटाटोप करू नका, दादरला किंवा स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतं, दोन रुपये जास्त गेले तरी ट्रेनचा धक्का वाचतो.

पोरांना सोबत नेऊ का असं पण विचारतात. गर्दीत नाही. पण नमुन्याचे तुकडे मागून आणा, कागदवाले बऱ्याचदा जुने सॅम्पल कार्ड देऊन टाकतात, पोरांसाठी तो खजिना असतो.

पत्रिकेसाठी कोणता कागद? आणि पोरांना तोच दिला तर चालेल?

पत्रिकेच्या कार्डाला साधारण २५० ते ३०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड), आतल्या पातळ पानाला १०० ते १२०. पोरांना एवढा जाड कागद देऊ नका, लहान हाताने घडी पडत नाही आणि कात्रीही चालत नाही, मग ते कंटाळतात. त्यांना ७०-८० जीएसएमचा साधा झेरॉक्सचा कागद किंवा पाठकोरी पानं उत्तम.

जाड कागदाला घडी घालताना मध्येच तडकते, पांढरी रेघ दिसते, हे पण नेहमी विचारतात. त्याचं कारण कागदाचा दाणा. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला आडवे होतात, घडी त्या दिशेने घातली तर मऊ पडते, विरुद्ध घातली तर तडकते. पोरांना हे शिकवायला जुना पेपर घ्या. वरून खाली फाडा, मग डावीकडून उजवीकडे फाडा. एका बाजूने सरळ लांब पट्टी निघते, दुसऱ्या बाजूने फाडताना कागद भरकटतो आणि कडा दातेरी येतात. आमच्याकडे हा खेळ एवढा चालला की घरात रद्दीवाल्याला द्यायला पेपर उरेनात. आता माझी मोठी लेक नवीन कार्डपेपर आला की आधी कोपरा हलकेच वाकवून बघते, ज्या बाजूने सहज वाकतं ती दाण्याची दिशा. घडीआधी रेघ दाबून घ्यायची, बोन फोल्डर (घडी दाबायची बोथट पट्टी) नसेल तर संपलेली रिफिल आणि स्टीलची पट्टी पुरते.

उरलेल्या कागदाच्या पट्ट्या फेकवत नाहीत, त्याचं काय करू?

फेकू नका. पत्रिका कापताना कडेला ज्या लांब पट्ट्या निघतात त्या वेगळ्या डब्यात टाका, तो पोरांचा डबा. बारीक पट्ट्यांचं क्विलिंग होतं, म्हणजे पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी, जरा रुंद असतील तर साखळी, पताका, आकाशकंदिलाच्या शेपट्या, दिवाळीच्या किल्ल्यावरची कुंपणं. टिकल्यांएवढे तुकडे पडले असतील तर ते चिकटवून मोराचा पिसारा करायला लागतात. फक्त ग्लिटरचे कागद आणि फॉइलचे बारीक तुकडे त्या डब्यात जाऊ देऊ नका, ग्लिटर डोळ्यात गेलं की चोळून चोळून वाईट अवस्था होते.

आणि क्लायंटचं नाव छापलेले खराब कागद पोरांना देताना फोन नंबर, पत्ते असलेला भाग फाडून टाका, लोकांची माहिती आहे ती, विमान बनून खाली सोसायटीत फिरायला नको.

कितव्या वर्षी काय द्यायचं?

मुलं सारखी नसतात त्यामुळे वयापेक्षा हात बघा. तीनच्या आतलं सगळं तोंडात घालतं, त्याला मणी, टिकल्या, लटकन अजिबात नाही. फाडायला कागद, बोटाने लावायला कणकेसारखी मळलेली माती, भेंडी किंवा अर्धा बटाटा कापून ठसे, एवढं पुष्कळ. चार-पाचला बोथट कात्री आणि गोंद येतो, मैद्याची खळ घरी करून द्या, स्वस्त आणि मस्त, फक्त त्यात मोरचूद घालू नका, पूर्वी कीड लागू नये म्हणून घालायचे पण ते विष आहे. सात-आठनंतर घड्या, क्विलिंग, उघडलं की उभं राहणारं कार्ड. दहाच्या पुढच्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतं, त्यांना फक्त सामान द्या आणि बाजूला व्हा.

घरातल्या घरात होईल आणि मुलं खूश होतील असा एखादा प्रयोग सांगा ना, लग्नाच्या थीमचा.

हळदीचा कागद. पाण्यात भरपूर हळद कालवा, जाडसर पांढऱ्या कागदावर ब्रशने लावा आणि पूर्ण वाळू द्या. मग वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात खायचा सोडा विरघळवा, कापसाच्या काडीने त्या पिवळ्या कागदावर काही लिहा. अक्षरं लाल-तपकिरी उमटतात. क्षाराशी गाठ पडली की हळदीचा रंग बदलतो, घरात चुना आणि हळदीपासून कुंकू करायचे ते याच गुणावर. मग त्याच लाल अक्षरांवर लिंबाचा थेंब टाका, परत पिवळं. इथे पोरं किंचाळतात. आमची लेक तर सगळ्या मैत्रिणींना अशी आमंत्रणं देऊन आली.

एकच सूचना, हळद कपड्याला लागली की साबण लावल्यावर डाग लाल होतो, घाबरू नका, धुऊन उन्हात टाका. आणि हे ऑर्डरच्या पत्रिकेसाठी नाही हो, कागदावरची हळद उजेडाने हळूहळू उडते.

कटर, ग्लू गन, फॉइल मशीन घरात आहे, भीती वाटते.

वाटायलाच हवी. कटर वापरला की लगेच पातं आत आणि वरच्या कप्प्यात, ‘दोन मिनिटांत परत लागणारे’ म्हणून मॅटवर ठेवायचा नाही. ग्लू गन कमी तापमानाची म्हणून विकतात तीसुद्धा पोळते. स्प्रेचा गोंद पोरं घरात असताना बंद खोलीत मारू नका. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, हल्ली लायटिंगच्या पत्रिका, चमकणारे बॉक्स, एलईडी दिवे यांत जे बटणासारखे चपटे सेल असतात ते लहान मुलाने गिळले तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल. माझ्याकडे असे सेलवाले बॉक्स मी घेतच नाही, क्लायंट गेला तर गेला.

जुलै-ऑगस्टमध्ये कागद वाकडा होतो, शाई पसरते. मुंबईत उपाय काय?

हवेतलं पाणी कागद पितो आणि एका बाजूने जास्त प्यायला की वाकतो. कागद उभे ठेवू नका, सपाट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट, आत सिलिका जेलच्या पुड्या, वर जड पुस्तकं. त्या पुड्या पोरांच्या हाताला लागतील अशा नकोत. लागेल तेवढाच कागद बाहेर काढा. घरच्या इंकजेटवर छापत असाल तर साध्या डाय शाईपेक्षा पिगमेंट शाई पाण्याला जास्त टिकते, आणि छापलेली पानं एकावर एक लगेच रचू नका, पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा.

पोरांच्या बाबतीत उलट आहे, पावसाळा हाच त्यांचा खरा सीझन, बाहेर खेळता येत नाही. त्यात चातुर्मास असल्यामुळे आषाढी ते कार्तिकीपर्यंत लग्नाच्या ऑर्डर कमी, काढीव मुहूर्तांची दोन-चार लग्नं येतात तेवढीच. मी मोठे पसारे याच महिन्यांत काढते.

सीझन आणि शाळा यांची गाठ कशी घालता?

नाही घातली जात, फक्त आधीच दिसतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, म्हणजे पत्रिकांचं काम दिवाळीच्या आधीच येतं, नेमकी सहामाही परीक्षा आणि दिवाळीचा फराळ. मग माघापासून मुंजी, मार्चमध्ये वार्षिक परीक्षा, आणि मे महिन्यात पोरं घरी आणि मुहूर्त ढीगभर. मी मेच्या ऑर्डरचं डिझाइन एप्रिलआधी संपवते, मे फक्त बांधणी आणि पार्सल, कारण ते काम मध्येच सोडता येतं.

बारशाचं मात्र काही ठरवता येत नाही, बाळ झाल्यावर बाराव्या दिवशी बारसं, त्यातले चार दिवस हॉस्पिटलात गेलेले. अशा ऑर्डरला मी फक्त मोबाइलवर पाठवायची पत्रिका करते, छापील नाही, आणि तसं आधीच सांगते.

मराठी मजकूर डिझाइनमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, काय करू?

दोन वेगळी दुखणी आहेत. अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा दिसत असेल तर समोरच्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, त्याच्याकडून युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं त्या पद्धतीत) मागा किंवा कन्व्हर्टरमधून काढा आणि प्रत्येक नाव डोळ्याने परत तपासा. अक्षरं मराठीच दिसतायत पण ‘क्त’ सुटा पडतोय, वेलांटी भलतीकडे जातेय असं असेल तर फोटोशॉप, इलस्ट्रेटरच्या सेटिंगमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन किंवा वर्ल्ड रेडी नावाचा पर्याय चालू करा, सुधारतं.

फॉन्टसाठी मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ फुकट आहेत, धंद्याच्या कामालाही चालतात, वाढदिवसाला त्यांचाच ‘मोदक’ फॉन्ट छान गुबगुबीत दिसतो. ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ नीट येतायत का ते एकदा बघून घ्या, नाहीतर कुऱ्हाडे आडनावाचे लोक आयुष्यभर लक्षात ठेवतात. पोरांना मोठ्या अक्षरात त्यांचं नाव छापून द्या, आतून रंगवू दे.

‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ अजून चालते का?

धावते. हल्लीच्या साध्या, मोजक्या मजकुराच्या पत्रिकांतसुद्धा ही ओळ काढू देत नाहीत, कारण खाली भाच्या-पुतण्यांची नावं असतात आणि त्यातलं एक राहिलं तर सगळं लग्न रुसतं. मी आता ही ओळ फॉन्टमध्ये टाकतच नाही, त्या पोरांच्याच अक्षरात घेते. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने, पेन्सिलने नको, प्रत्येकाने आपलं नाव आपण लिहायचं, वाकडं असलं तरी. खोडू द्यायचं नाही, चुकलं तर नवीन कागद. मग दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी सावली न पाडता फोटो किंवा ६०० डीपीआयवर स्कॅन, पार्श्वभूमी पांढरी, अक्षर काळं करून घ्यायचं आणि ट्रेस करायचं, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचं रेघांच्या चित्रात रूपांतर, म्हणजे कितीही मोठं-लहान करा फाटत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलात तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो दाबला जातो आणि कडा धूसर येतात.

एका पत्रिकेत सगळ्यात धाकट्या भाचीने नाव लिहिताना पहिलं अक्षर एवढं मोठं काढलं की शेवटची दोन अक्षरं ओळीखाली उतरून कोपऱ्यात जाऊन बसली. घरच्यांनी सरळ करायला सांगितलं होतं, नवरामुलगा म्हणाला अजिबात नाही. लग्नात लोक तीच पत्रिका दाखवत होते.

माझ्या मुलाने काढलेलं चित्र क्लायंटच्या पत्रिकेवर वापरलं तर?

आधी मुलाला विचारा. हसू नका, तो नाही म्हणाला तर नाही. मग क्लायंटला स्पष्ट सांगा की हे मुलाचं चित्र आहे, काहींना आवडतं, काहींना ते कमी दर्जाचं वाटतं. आणि चित्र ‘नीट’ करून वापरायचं असेल तर वापरूच नका, गणपतीचे कान वेगवेगळ्या मापाचे आहेत म्हणूनच ते पोराचं आहे.

उलट बाजूही आहे. एकदा चित्र छापून आलं की मूल पुढचं चित्र ‘छापण्यासारखं’ काढायला लागतं, सारखं विचारतं हे येईल का पत्रिकेवर. तिथे मी थांबते. तो त्याचा खेळ आहे, माझा स्टॉक नाही.

वारली डिझाइन सगळे मागतात. मुलांनाही शिकवू का?

जरूर, पण नुसत्या काड्यांची माणसं म्हणून नको. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाष्ण बायका भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, काढतात, आत पालघाट देवी असते, म्हणजे हे मुळात लग्नाचंच चित्र. पारंपरिक रंग म्हणजे गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि वारली लोक फक्त लांब नाहीत, आपल्या आरेतल्या पाड्यांतही राहतात.

पोरांसाठी खाकी कागद, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात जरासा गोंद, आणि टोक ठेचलेली काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस. त्यांना त्यांची सोसायटी काढायला सांगा, वॉचमनकाका, लिफ्ट, पाण्याचा टँकर, मजा येते. ऑर्डरसाठी मात्र देवीचा चौक सजावट म्हणून कुठेही चिकटवू नका, आणि जमत असेल तर वारली कलाकाराकडूनच चित्र विकत घ्या.

सुट्टीत मुलांकडून पाकिटं भरून घेतली, दोरे बांधून घेतले तर चालतं का?

कायद्याचं आधी. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ ला बदल झाला, चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, पण स्वतःच्या घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कामात मदत केली तर चालते. शेजारच्यांची पोरं पैसे देऊन बसवली तर ते या सवलतीत येत नाही.

कायदा झाला, आता माझं मत. हौस म्हणून दहा-वीस पाकिटं ठीक, पण १०० पत्रिकांना दोरा बांधायचा असेल तर एकीला दोन मिनिटं धरली तरी तीन तास वीस मिनिटं होतात, ते पोराचं काम नाही. मुलाने कंटाळा आला म्हटलं की तिथेच थांबायचं. ऑर्डर त्याच्या भरवशावर घेतली असेल तर तुम्ही थांबू शकणार नाही, म्हणून तशी घ्यायचीच नाही.

मुलाने तयार ऑर्डर खराब केली तर क्लायंटला काय सांगायचं?

जे झालं ते, पण उपाय सोबत घेऊन. छपाईलाच दहा टक्के जास्त प्रती घ्या, त्या तुमच्या, क्लायंटच्या मोजणीत धरू नका. बाकी खोक्यांचं वर लिहिलंय.

किंमत कशी लावू? नातेवाईक तर फुकटच मागतात.

कागद, छपाई, प्रवास, जास्तीच्या प्रती, आणि तुमचे तास, बांधणीचे पण. दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे, हे आधी लिहून पाठवा. अर्धे पैसे आधी. नातेवाइकांना डिझाइन आहेर म्हणून द्या आणि छपाईचं बिल त्यांच्या नावाने करा, नातं पण राहतं. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट असते, ती करून ठेवा. जीएसटीचं सुरुवातीला टेन्शन घेऊ नका, सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, पुढचं सीएला विचारा.

पोर सांभाळत काम करतेय म्हणून कमी पैसे लावणाऱ्या बायका मला भेटतात, त्याचा मला खरंच राग येतो. क्लायंटला पत्रिका तेवढीच मिळतेय ना?

वाढदिवसाच्या पत्रिकेवर प्रसिद्ध कार्टून हवं म्हणतात, काढून देऊ?

विकायच्या पत्रिकेवर नाही, ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची असतात आणि कॉपीराइट लागतो. त्याऐवजी वाढदिवसवाल्या मुलाला त्याचा आवडता प्राणी सांगायला लावा आणि त्याच्यावरून नवीन पात्र करा. घरात पोरं हौसेने आवडतं कार्टून काढत असतील तर काढू दे.

माझ्या मुलाला कागद, रंग काही नको असतं. सारखा पळतो नुसता.

मग पळू दे. सगळ्याच पोरांना बसून क्राफ्ट आवडेल असं कोणी सांगितलं? माझा धाकटा तसाच आहे, त्याला मी कुरियरवाला केलाय, घरातल्या घरात ‘पार्सल’ या खोलीतून त्या खोलीत नेऊन द्यायचं, सही घ्यायची, पावती आणायची. पावत्या पट्ट्यांच्या डब्यातल्या. त्यात माझी वीस मिनिटं निघतात आणि आजीला दिवसभरात चाळीस सह्या कराव्या लागतात, ती कुरकुर करते पण पेन जवळच ठेवते.